गाय अडली, सिझेरियन करावं लागलं. खरा धोका कशात असतो?

रात्रीची वेळ. गाय कळा देतेय. पाणमोट फुटून दोन तास झाले, तरी वासरू पुढे सरकत नाही. मग कुणीतरी दोरी आणतं आणि चार-पाच जण मिळून ओढायला लागतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याच्या आसपास हे दृश्य नवीन नाही. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात अनेक घरांत रोजचा पैसा दुधातूनच येतो. शेजारचा भूम तालुका तर खव्यासाठीच ओळखला जातो. त्यामुळे डॉक्टरांनी 'सिझेरियन करावं लागेल' असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, गाय वाचेल का?

याचं उत्तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीच्या काही तासांत दडलेलं असतं.

सिझेरियन कधी लागतं?

वासरू मोठं आणि वाट अरुंद असेल तेव्हा. पहिलारू कालवडीत हे जास्त दिसतं. लहान चणीच्या कालवडीला मोठ्या जातीच्या वळूचं रेतन केलं, तर धोका आणखी वाढतो. वासरू आडवं असणं, गर्भाशयाचं तोंड न उघडणं, गर्भाशयाला पीळ पडणं हीसुद्धा कारणं आहेत. पीळ पडण्याचा त्रास म्हशींमध्ये जास्त आढळतो.

शस्त्रक्रिया बहुतेकदा गाय उभी असताना, डाव्या कुशीत भूल देऊन होते. डाव्या बाजूला असलेलं मोठं पोट आतडी बाहेर येऊ देत नाही.

काय बिघडू शकतं?

शस्त्रक्रियेवेळी रक्तस्राव होऊ शकतो किंवा गाय मध्येच बसू शकते. सगळ्यात गंभीर म्हणजे गर्भाशयातली घाण पोटात सांडून होणारा संसर्ग. नंतर वार अडकणं, गर्भाशयात पू होणं, टाके पिकणं किंवा सुटणं असे त्रास होतात. आतले अवयव एकमेकांना चिकटले, तर पुढच्या वेळी गाय उशिरा गाभण राहते, कधी राहतच नाही. दूधही घटू शकतं.

धोका कशानं वाढतो?

उशिरानं. वासरू पोटात मरून कुजायला लागलं असेल, तर गर्भाशय कमकुवत होतं आणि टाके धरत नाहीत. स्वच्छता न पाळता वारंवार हात घातल्यानं जंतू आत जातात. जोर लावून ओढल्यानं गर्भाशय फाटू शकतं. गाय थकून खाली बसली असेल, तर काम आणखी अवघड होतं.

उलट उदाहरण बेल्जियमचं. तिथल्या 'बेल्जियन ब्लू' या मांसल जातीची 90 टक्क्यांहून अधिक वासरं सिझेरियननंच जन्मतात. तिथे ही शस्त्रक्रिया वेळेवर, गाय थकायच्या आत होते. त्यामुळे बहुतेक गायी त्यातून नीट सावरतात.

मग करायचं काय?

पाणमोट फुटल्यावर तासाभरात प्रगती दिसली नाही, तर ओढाताण न करता पशुवैद्यकाला बोलवा. राज्यात पशुसेवेसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. रात्री येऊ शकणाऱ्या जवळच्या डॉक्टरांचा नंबरही गायीला नववा महिना लागताच मोबाईलमध्ये ठेवलेला बरा.

शस्त्रक्रियेनंतर गोठा कोरडा ठेवा आणि औषधांचा कोर्स अर्धवट सोडू नका. वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा. गायीला ताप आला, तिनं चारा सोडला, जखमेतून पू आला किंवा 24 तासांत वार पडली नाही, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अडकलेली वार हातानं ओढू नका. अँटिबायोटिक दिलेल्या गायीचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस विकू नका. पुढचं रेतनही तपासणी झाल्यावरच करा.

सिझेरियन झालेली गाय पुन्हा गाभण राहू शकते, पुन्हा दूधही देऊ शकते. त्यासाठी आधी ओढणारे हात थांबायला हवेत आणि डॉक्टरांना फोन वेळेत जायला हवा.