मराठी माणूस म्हणजे कोण?

१ मे आला की महाराष्ट्र दिनाची भाषणं होतात आणि दर भाषणात 'मराठी माणूस' येतो. या माणसात धानाच्या बांधीत रोवणी करणारी बाई धरली आहे का? आज आपण म्हणू, आहेच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे कुणी सहज म्हटलं नसतं. ते म्हणता यावं, यामागे शाळा आहेत, पुस्तकं आहेत. त्याबद्दल आज बोलू.

युरोपात अठराव्या शतकात एक विचार जोर धरत होता. माणसं जन्मानं सारखी असतात. राजानं किंवा पुरोहितानं सांगितलं एवढ्यावर कुठली गोष्ट खरी होत नाही, ती आपल्या बुद्धीनं तपासावी. याला प्रबोधन म्हणतात. थॉमस पेन या लेखकानं १७९१-९२ मध्ये माणसाच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं. ते पुण्यात १८४७ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी वाचलं. वय होतं वीस.

पुस्तक पुष्कळांनी वाचलं असेल. फुल्यांनी पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. 'माणसाचे हक्क' म्हटल्यावर त्यात बाई आली आणि गावकुसाबाहेरचाही आला, हा अर्थ त्यांनी लावला. माझ्या मते खरं मोठेपण इथं आहे.

त्या शाळेत मुक्ता साळवे शिकली. मांग समाजातली, चौदा वर्षांची पोर. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं. आणि आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हेही लिहिलं. तीन वर्षांच्या शिक्षणावर!

दुसरी बाई आपल्या विदर्भातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बायांनाच नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं, जे दोष बायांना लावता ते पुरुषांत नाहीत का? चहूकडून टीका झाली. फुल्यांनी त्यांची बाजू लिहून मांडली.

त्याच वर्षी फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, हे त्यांनी हिशेबासारखं मांडलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला हे लगेच कळावं.

मग हे सगळं साहेबाकडूनच आलं का? फुल्यांना गुरू मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आकाशवाणीवर ते बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रान्सच्या राज्यक्रांतीतून घेतली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी त्या भाषणात सांगितलं.