उजेड पडताच वायू सोडणारी पूड

एक ग्रॅम पूड. चिमूटभरच. तिच्या आतल्या साऱ्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर किती जागा लागेल? ओमर याघी यांनी १९९९ मध्ये जगापुढे आणलेल्या ‘एमओएफ-५’ या पदार्थापुरतं उत्तर आहे: २५ गुंठ्यांहून जास्त!

ही किमया रचनेची. इमारतीला बांधलेली बांबूची परांची आठवा. तिथे गाठी सुंभाच्या. इथे गाठी धातूच्या अणूंच्या, आणि बांबू म्हणजे लांबट सेंद्रिय रेणू. मधल्या मोकळ्या चौकटींत वायू शिरतो आणि भिंतींना चिकटून बसतो. अशा रचनांसाठीच याघी, सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण चिकटलेला वायू सोडवायचा कसा? तापवा, नाहीतर दाब उतरवा. दोन्हींत ऊर्जा खर्ची पडते. मग नुसत्या उजेडानं काम झालं तर?

त्यासाठी परांचीत अझोबेन्झिनचे बांबू घालतात. हा नारिंगी रेणू एरवी सरळ असतो. अतिनील किरण पडले की मधल्या नायट्रोजनच्या जोडीपाशी तो वाकतो. टोकांमधलं अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येतं. निळा प्रकाश टाका, पुन्हा सरळ! त्याचं हे वाकडं रूप जी. एस. हार्टली यांना १९३७ मध्येच सापडलं होतं.

आता खरा पेच. परांचीत बांबू दोन्ही टोकांना जखडलेला. तो पुरता वाकला तर सगळा सांगाडाच कोसळेल ना? ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू हिल यांच्या गटानं २०१३ मध्ये नेमका असा पदार्थ तपासला. प्रकाशात रेणू पुरता वाकत नाही, जागच्या जागी वळवळतो. आणि तेवढ्यानं धरलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ६४ टक्क्यांपर्यंत वायू बाहेर पडतो! दिवा बंद केला की भिंती पुन्हा वायू धरू लागतात, सांगाडा शाबूत. मोठ्या हालचालीपेक्षा ही अडकलेली वळवळच मला जास्त थक्क करते.

अडचण एकच, पण मोठी: हे रंगीत रेणू प्रकाश वरच्यावर पिऊन टाकतात, जाड कणाच्या गाभ्यापर्यंत तो पोचतच नाही. म्हणून जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी अशा पदार्थाचा पातळ पडदा केला. त्यातून कार्बन डायऑक्साइडपेक्षा हायड्रोजन कितीपट सहज निसटावा, हे प्रकाशानं ठरवता येतं. ३ पट ते ८ पट, मधल्या हव्या त्या आकड्यावर थांबा. पडदा न काढता, न बदलता!