नवें यंत्र केव्हां येणार ?

पाऊसपाण्याविषयीं, पिकांविषयीं आणि निवडणुकींच्या निकालांविषयीं भाकितें करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या भाकितांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मेजावर ठेवून वापरावयाचा जो संगणक, ज्यास बाजारांत डेस्कटॉप म्हणतात, त्याची सुधारलेली आवृत्ति केव्हां निघणार, ह्यावर कॉलेजांतील मुलांपासून कचेरींतील हिशेबनिसांपर्यंत अनेक जण हिरिरीनें बोलत असतात. हें बोलणें रिकामपणचें आहे असें समजून घरांतील वडील मंडळी तिकडे कानाडोळा करतात. तसें करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. बेताच्या प्राप्तीच्या घरांत दोन-तीन महिन्यांची मिळकत एका संगणकांत जाते, आणि तो घेऊन महिना लोटला नाहीं तोंच त्याच किंमतीस त्याहून सरस यंत्र दुकानांत मांडलेलें दिसलें, तर खर्च करणाराच्या जिवास हळहळ लागते. उलट, येणार येणार म्हणून थांबावें, तर घरांतील मुलाचें एखादें शैक्षणिक वर्ष त्यांतच जातें. तेव्हां हीं भाकितें कशावरून करतात आणि तीं कितपत खरीं ठरतात, हें जरा खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. आकाशांत मेघ दाटले, आतां वृष्टि होणार, हें पूर्ववत्. नदीला गढूळ पूर आला, अर्थीं वर कोठें तरी पाऊस झाला, हें शेषवत्. सूर्य सकाळीं एके ठिकाणीं आणि सायंकाळीं दुसरे ठिकाणीं दिसतो, त्यावरून तो चालत असला पाहिजे, हें सामान्यतोदृष्ट. (हें तिसरें उदाहरण आमच्या भूगोलाच्या शिक्षकांस कधींच मान्य झालें नसतें; पण त्यामुळेंच तें प्रस्तुत विषयास फार सोईचें आहे.) संगणकाचें भविष्य सांगणारे लोक, त्यांस ठाऊक असो वा नसो, ह्याच तीन वाटांनीं जातात.

तिसरी वाट सर्वांत सोपी, म्हणून तीवर गर्दी फार. अमेरिकेंतील अॅपल कंपनीचा ‘मॅक मिनी’ नांवाचा एक लहानसा संगणक आहे. त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं. नुसती एक चपटी पेटी, आणि बाकीचें साहित्य घेणारानें आपलें आपण जोडावयाचें. म्हणून त्या कंपनीच्या मेजावरील यंत्रांत तो सर्वांत स्वस्त. त्याची एक आवृत्ति २०१० च्या जूनमध्यें निघाली, पुढची २०११ च्या जुलैमध्यें, तिच्या पुढची २०१२ च्या ऑक्टोबरांत आणि त्यानंतरची २०१४ च्या ऑक्टोबरांत. म्हणजे मधलीं अंतरें तेरा, पंधरा आणि चोवीस महिन्यांचीं. सरासरी काढतां येणारा कोणीही मुलगा ती सतरा महिन्यांहून थोडी अधिक असें सांगेल, आणि २०१६ च्या मार्चाकडे बोट दाखवील. प्रत्यक्षांत २०१६ गेलें, २०१७ गेलें, आणि नवी आवृत्ति जाहीर झाली ती २०१८ च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस. सतराच्या जागीं अठ्ठेचाळीस महिने !

ह्या गोष्टींत आणखी एक गोम आहे आणि ती भाकितवाल्यांच्या ध्यानांत क्वचितच येते. नवें म्हणजे सरस, असें ते गृहीत धरून चालतात. २०१२ च्या मॅक मिनीमध्यें चार गाभ्यांचा प्रोसेसर घेण्याची सोय होती आणि स्मृतीच्या पट्ट्या घरच्या घरीं बदलतां येत. दोन वर्षांनीं जी आवृत्ति आली तींत दोनच गाभे, आणि स्मृति मूळ फलकावर कायमची डाख देऊन बसविलेली. अनेक कामें एकदम करावयाचीं झाल्यास जुनेंच यंत्र पुढें जाई. ज्यांनीं दोन वर्षें वाट पाहिली त्यांच्या पदरांत अधिक दुबळी वस्तु पडली, आणि पुष्कळ जाणते लोक २०१२ चें यंत्र वापरलेलें का होईना, पण तेंच शोधूं लागले.

पूर्ववत् अनुमान ह्याहून बरें. कारण पाहून कार्य सांगावयाचें. संगणकाचें मुख्य कारण त्याचा प्रोसेसर. तो तयार झाला कीं त्यावर उभारलेलें यंत्र फार मागें राहत नाहीं. गॉर्डन मूर ह्या गृहस्थांनीं १९६५ सालीं असें लिहिलें कीं, एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षीं दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यांनीं तो काळ दोन वर्षांचा धरला. त्यांच्याच इंटेल कंपनीनें ह्या गतीस घड्याळाचें रूप दिलें. एके खेपेस घटक अधिक बारीक करावयाचे, पुढच्या खेपेस रचना नवी करावयाची. ह्यास ते लोक ‘टिक-टॉक’ म्हणत. अॅपलनें २००६ पासून आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घातले, तेव्हां इंटेलचें पंचांग हातीं असलें म्हणजे अॅपलचें भविष्य निम्मेंअधिक सांगतां येई.

पण घड्याळच अडखळलें. चौदा नॅनोमीटरच्या पायरीस इंटेलला ठरल्याहून बराच अधिक वेळ लागला. २०१६ सालीं टिक-टॉकचा क्रम त्यांनीं स्वतःच सोडला, आणि दहा नॅनोमीटरची पायरी मेजावरील संगणकांपर्यंत उतरली ती २०२१ च्या नोव्हेंबरांत. एवढ्या अवधींत कित्येक भाकितें कोरडीं गेलीं असतील ! शिवाय आपल्या नैयायिकांनीं सांगितलेलेंच आहे कीं, एक कारण असून भागत नाहीं, संपूर्ण सामग्री लागते. माती असली तरी कुंभाराच्या मनांत घट करावयाचा असला पाहिजे. अॅपलनें २०२० च्या जूनमध्यें इंटेलला सोडून स्वतःचे प्रोसेसर घालण्याचा निश्चय जाहीर केला आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पहिला प्रोसेसर, एम-वन, बाहेर काढला. तो घातलेला आयमॅक २०२१ च्या एप्रिलमध्यें जाहीर झाला. एम-टू हा दुसरा प्रोसेसर २०२२ च्या जूनमध्यें निघाला, तेव्हां आतां आयमॅकची पाळी, असें सर्वांनीं धरलें. ती पाळी आलीच नाहीं. आयमॅक एकदम २०२३ च्या ऑक्टोबरांत एम-थ्री घेऊन उभा राहिला. मेघ दाटले होते. कंपनीच्या मनांत वृष्टि नव्हती.

राहिलें शेषवत्, म्हणजे पूर पाहून पाऊस सांगणें. दुकानांतील माल कमी होऊं लागला, घरपोंच देण्याची मुदत दोन दिवसांवरून तीन आठवड्यांवर गेली, कीं जाणते लोक कान टवकारतात. तिन्हींत हें अनुमान आम्हांस अधिक भरंवशाचें वाटतें. तरी तेंही कार्य सांगतें, काल सांगत नाहीं. २०१३ च्या मार्चच्या पहिल्या तारखेस अॅपलनें ‘मॅक प्रो’ हा आपला सर्वांत बलवान् संगणक युरोपांत विकणें बंद केलें. विद्युत्सुरक्षेचे नवे नियम तेथें लागू झाले आणि जुन्या यंत्राच्या आंतील उघडे पंखे त्यांत बसेनात. ज्या अर्थीं कंपनी त्यांत दुरुस्ती करीत बसली नाहीं, त्या अर्थीं नवें यंत्र तयार असणार, हें अनुमान निर्दोष होतें. तें खरेंही ठरलें. मात्र यंत्र विक्रीस आलें डिसेंबरच्या १९ तारखेस. साडेनऊ महिने युरोपांतील चित्रपटांचे संकलक आणि संगीताचे ध्वनिमुद्रक रिकाम्या हातांनीं बसले.

आणि एवढें करून आलें काय ? काळें, गोल, फूटभरही उंची नसलेलें एक पंचपात्र ! दिसावयास सुंदर, आंत त्रिकोणी धातूच्या खांबास चिकटवून दोन चित्रप्रोसेसर आणि एक मुख्य प्रोसेसर बसविलेला, आणि सर्वांची उष्णता एका पंख्यानें वर ओढून न्यावयाची. ज्यांनीं तें रचलें त्यांनीं असें धरलें कीं, पुढील काळांत दोन मध्यम चित्रप्रोसेसर मिळून काम करतील. जग गेलें उलट दिशेस. एकच पण अतिशय बलवान्, आणि म्हणून अतिशय तापणारा, असा चित्रप्रोसेसर सर्वांस हवासा झाला. तो ह्या पंचपात्रांत मावेना आणि मावला तर निवेना. त्यामुळें सुधारणा करण्यास जागाच उरली नाहीं. बाहेरचे लोक २०१४, २०१५, २०१६ ह्या तिन्ही वर्षीं आतां येईल, आतां येईल, म्हणत राहिले. वस्तुतः येण्यासारखें कांहीं आंत शिजतच नव्हतें.

२०१७ च्या एप्रिलमध्यें कंपनीनें पांच पत्रकारांस बोलावून ही गोष्ट मान्य केली. आपल्या आंखणीनेंच उष्णतेच्या बाबतींत आपणांस कोंडींत धरलें, अशा अर्थाचें क्रेग फेडेरिघी ह्या अधिकाऱ्यानें सांगितलें; नवें यंत्र मुळापासून आंखावयास घेतलें आहे, पण तें ह्या वर्षीं येणार नाहीं, असेंही कळविलें. पुढील वर्षीं सांगण्यांत आलें कीं, तें २०१९ चें. तें २०१९ च्या डिसेंबरांत आलें, किंमत ५,९९९ डॉलरांपासून पुढें. आमच्या मतें त्या एप्रिलच्या बैठकीचें मोल त्या यंत्राहून कमी नव्हतें. ज्याचा धंदा यंत्रावर चालतो त्यास ‘दोन वर्षें येणार नाहीं’ एवढें कळलें तरी तो आपली सोय लावूं शकतो. पुष्कळांनीं तशी ती लावली, आणि विंडोजच्या यंत्रांकडे गेले.

मग कंपन्या आधींच कां सांगत नाहींत ? ह्याचें उत्तर अॅडम ऑस्बोर्न ह्यांच्या चरित्रांत सांपडतें. ह्या गृहस्थांचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त. त्यामुळें अॅडम ह्यांचें बालपण तिरुवण्णामलै येथें गेलें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं १९८१ सालीं ‘ऑस्बोर्न-१’ नांवाचा, हातांत उचलून नेतां येईल असा संगणक काढला. वजन सुमारें अकरा किलो, पडदा पांच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. तो धडाधड खपला. १९८३ सालीं त्यांनीं याहून उत्तम यंत्र लवकरच येत असल्याचें बोलून दाखविलें. झालें, जुन्या यंत्राचीं मागणीपत्रें थांबलीं, नवें अद्याप तयार नाहीं, आणि सप्टेंबरांत कंपनीचें दिवाळें निघालें. मोठ्या पडद्याचें ‘कायप्रो’ यंत्र त्याच सुमारास स्पर्धेस उतरलें होतें, तेव्हां सर्व दोष त्या एका बोलण्यावर टाकणें बरोबर नाहीं असें कांहीं अभ्यासक म्हणतात, व तें विचारांत घेण्याजोगें आहे. परंतु व्यापाऱ्यांनीं धडा घेतला तो मौनाचाच, आणि ‘ऑस्बोर्न परिणाम’ हा शब्दच रूढ झाला. ऑस्बोर्न शेवटीं हिंदुस्थानांत परत आले आणि २००३ सालीं कोडाईकनाल येथें वारले.

सारांश, ज्यास ठाऊक तो बोलत नाहीं, आणि जो बोलतो त्यास ठाऊक नाहीं. अशा स्थितींत गृहस्थानें काय करावें ? आमच्याच घरांत धाकट्या नातवास यंत्र घ्यावयाचें ठरलें, तेव्हां चिरंजीव म्हणाले, “आजोबा, एवढा दसरा होऊं द्या, नवी मालिका येणार आहे.” दसऱ्यानंतर दिवाळी आली, दिवाळीनंतर जानेवारींतील कसलीशी परदेशची जत्रा. शेवटीं सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, ह्याची परीक्षा मार्चांत. यंत्र वैशाखांत आलें तर त्याची पूजा करावयाची का ?” ह्या प्रश्नांत तिन्ही अनुमानांहून अधिक शहाणपण आहे असें आम्हांस वाटलें, आणि त्याच आठवड्यांत खरेदी झाली. अडलेलें काम कोणतें आणि तें किती दिवस अडून चालेल, हें आधीं मोजावें; आवृत्तीची तारीख मागाहून. फार तर कंपनीचा वार्षिक मेळावा पंधरा दिवसांवर आला असेल तर तेवढें थांबावें, कारण जुन्याची किंमत उतरण्याचा संभव असतो.

एक गोष्ट मात्र अंदाजावर सोडावयाची नाहीं, ती यंत्राच्या उरलेल्या आयुष्याची. कारण तिच्या तारखा छापून जाहीर होतात. मायक्रोसॉफ्टनें विंडोज-१० ची मोफत देखभाल २०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस संपविली, आणि विंडोज-११ बहुतेक २०१७ पूर्वींच्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें अॅपलनेंही सांगून टाकलें कीं, त्या वर्षींची प्रणाली ही इंटेलच्या मॅकांसाठीं शेवटची. ५,९९९ डॉलर मोजून घेतलेला तो मॅक प्रोही त्यांतच आला. वापरलेलें यंत्र स्वस्त मिळतें म्हणून घेणाऱ्यांनीं ह्या तारखा आधीं पाहाव्या.

आणि थांबल्यास स्वस्त मिळतें, हा जो पन्नास वर्षांचा अनुभव, त्यासही २०२५ च्या उत्तरार्धांत धक्का बसला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांकडे स्मृतीच्या चकत्यांचा ओघ वळला, आणि घरगुती संगणकांत घालावयाच्या स्मृतीचे भाव भराभर चढले. डिसेंबरांत मायक्रॉन ह्या मोठ्या उत्पादकानें ‘क्रूशल’ ह्या नांवानें किरकोळ ग्राहकांस स्मृति विकण्याचा आपला धंदा बंद करण्याचें जाहीर केलें, आणि रास्पबेरी पाय ह्या विद्यार्थ्यांच्या छोट्या संगणकाच्याही किंमती त्याच महिन्यांत वाढल्या. त्या वर्षीं जो दसऱ्यास थांबून संक्रांतीस स्मृति घ्यावयास गेला, त्यानें तीच पट्टी अधिक दाम मोजून घरीं आणली.