लहान खोलीतील खर्जनाद आणि फायबरग्लासचा घरगुती ध्वनिशोषक

प्रस्तावना :
लहान ध्वनिमुद्रण कक्ष सिद्ध करताना भिंतींवर पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटविण्याची प्रथा आढळते. त्यामुळे उच्च कंप्रतेचे ध्वनी काही अंशी शमतात. डग्ग्याचा घुमारा मात्र तसाच राहतो आणि तुलनेने अधिकच जाणवतो. झालेला खर्च अशा वेळी व्यर्थ ठरतो. यावर फायबरग्लासचा, घरी तयार करता येणारा ‘बेस ट्रॅप’ कसा उपयुक्त ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खोलीतील स्थिर तरंग :
हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरील भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीमुळे ४० हर्ट्झ व तिच्या पटीतील कंप्रतांना स्थिर तरंग निर्माण होतात. परिणामी एकच खर्ज स्वर एके ठिकाणी घुमतो, तर दुसरीकडे जवळजवळ लोप पावतो.

शोषणाचे तत्त्व :
काचतंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून हवेचे कण मागेपुढे होताना घर्षण होते व ध्वनिऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणजेच सच्छिद्र शोषकाला कणांची गती आवश्यक असते. भिंतीलगत दाब सर्वाधिक असला तरी ही गती जवळपास शून्य असते. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर ती कमाल होते. ८६० हर्ट्झसाठी हे अंतर १० सेंमी, तर ५० हर्ट्झसाठी १.७२ मीटर भरते. पातळ फोम खर्जापुढे निष्प्रभ ठरतो, तो यामुळेच.

रचना :
पावणेदोन मीटर खोलीचा शोषक व्यवहार्य नाही. म्हणून लाकडी चौकटीत १० सेंमी जाडीचा, घनमीटरला सुमारे ४८ किलोग्रॅम घनतेचा फायबरग्लास बसवून ती कोपऱ्यात तिरपी उभी करतात. चौकट ६० सेंमी रुंद असल्यास मागे कोपऱ्यापर्यंत ३० सेंमी पोकळी मिळते व शोषकाचा बराच भाग भिंतीपासून दूर राहतो. शिवाय खोलीतील सर्व स्थिर तरंग कोपऱ्यांपर्यंत पोहोचत असल्याने तेथील शोषक त्या सर्वांवर परिणाम करतो. तंतू त्वचेस व श्वसनमार्गास त्रासदायक असल्याने हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि चौकट हवा आरपार जाऊ देणाऱ्या कापडाने मढवावी.

निष्कर्ष :
खर्जनादाचे शोषण किती भिंत झाकली यापेक्षा शोषकाची जाडी व भिंतीपासूनचे अंतर यांवर अवलंबून असते. अतिमंद कंप्रतांना हा उपाय अपुरा पडतो. तरीही मर्यादित निधीत प्रथम कोपऱ्यांचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.