आधी नट, मग जॅक

महाडला हायवेलगत माझं गॅरेज आहे. पंक्चर झालं की लोक आधी जॅक लावतात, आणि मला ते पाहवत नाही. गाडी सपाट, टणक जागी घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा; उचललेल्या गाडीवर जोर लावला तर ती जॅकवरून घसरू शकते. काढलेलं चाक मी गाडीखाली आडवं सरकवतो, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकते. स्टेपनीचे नट आधी हातानेच फिरवा, निमुळती बाजू आत. गाडी उतरवून समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळा. पान्यावर उभं राहू नका, स्टड ताणला जातो. साधारण 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासाच.