तिसऱ्या दिवशी ठणकणारा डोळा
(नजरेची गोष्ट : लेखांक ६)

हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ती हकिगत मागच्या लेखात आली. आता मोतीबिंदू काढून भिंग बसवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचून दाखवतात. हजारात एखाद्याचं मात्र इथून पुढे बिघडतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा ठणकायला लागतो. पापणी सुजते, काल स्पष्ट दिसलेलं कॅलेंडर आज धूसर होतं. टॉर्चच्या उजेडात बुबुळाच्या तळाशी पांढुरका थर दिसतो, पेल्यात ताकाचा साका बसावा तसा. तो पू. डोळे येणं वेगळं. इथे जंतू डोळ्याच्या आत शिरलेला असतो. डॉक्टर याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात.

नातेवाइकांचा पहिला संशय भिंगावर जातो. पण एकट्यादुकट्या रुग्णात जंतू बहुधा त्याच्याच पापण्यांवरचा निघतो. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आपल्या कातडीवर जन्मभर निमूटपणे राहतो. भिंगामागच्या पारदर्शक गरात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथे पोचला की त्याला अडवणारं फारसं कुणी नसतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे तपकिरी थेंब घालतात. औषध अगदी स्वस्त, पण त्याच्यामागे पुरावा भक्कम आहे.

शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच अँटिबायोटिक सोडण्याची पद्धत त्यानंतर रुळली. २००७ च्या युरोपीय अभ्यासात सेफुरॉक्झिममुळे हा संसर्ग जवळपास पाचपटीने घटला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरलं. तिथल्या सहा लाखांवर शस्त्रक्रियांच्या नोंदींत दहा हजारांमागे सातवरून प्रमाण दोनवर आलं.

एकाच दिवशी अनेक डोळे बिघडले, तर मात्र पापण्यांना दोष देऊन भागत नाही. मध्य प्रदेशातल्या बडवानीत नोव्हेंबर २०१५ च्या शिबिरानंतर चाळीसहून अधिक जणांची दृष्टी गेली. बिहारच्या मुझफ्फरपुरात २२ नोव्हेंबर २०२१ रोजी एका दिवसात ६५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डझनाहून जास्त डोळे काढावे लागले. अशा वेळी डोळा धुण्याचा द्राव, हत्यारं, ती निर्जंतुक करण्याचं यंत्र, थिएटरमधलं पाणी हे सगळं तपासावं लागतं. ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास हा अशा घटनांतला नेहमीचा आरोपी, आणि तो काही तासांत डोळा नासवू शकतो.

उपचारातही घड्याळ महत्त्वाचं. नुसत्या थेंबांनी भागत नाही. १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचाही फायदा दिसला नाही. बारीक सुईने आतला थोडा गर तपासणीला काढतात आणि व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम प्रत्येकी ०.१ मिलिलिटर थेट डोळ्यात सोडतात. उजेड-अंधारापलीकडे काही कळत नसेल, तर गरच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया लगेच करावी लागते.

एक जंतू याहून बेरकी आहे. मुरुमांच्या पुटकुळ्यांत सापडणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस भिंगाच्या पिशवीत महिनोन्‌महिने दडून बसतो. स्टिरॉइडचे थेंब घातले की लाली ओसरते, थांबवले की परत येते. पिशवीवर पांढरा डाग दिसेपर्यंत साधी सूज म्हणूनच उपचार चालू राहतात, आणि कधी कधी शेवटी पिशवीसकट भिंग बाहेर काढावं लागतं.