ताकायामाची पेठ आणि आमची खव्याची जिलबी

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून जुन्या बाजारात शिरलं की कमानिया गेटपाशी खव्याची जिलबी मिळते. काळपट, जाड, १८८९ पासूनची. गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीचं. म्हणजे जिलबी कमानीपेक्षा पन्नास वर्षांनी थोरली! चव टिकली, भोवतालची जुनी घरं मात्र एकेक करून उतरताहेत.

जपानच्या ताकायामात घरंही टिकली. डोंगरातलं हे गाव. इथल्या लाकडासाठी शोगुनने १६९२ मध्ये हा प्रांत थेट ताब्यात घेतला. पुढे १९७५ च्या कायद्याने सुटं घर नव्हे, अख्खी गल्ली जपता येऊ लागली आणि १९७९ मध्ये सानमाची या व्यापारी पेठेला ते संरक्षण मिळालं. यातली मेख बघा: रस्त्यावरून दिसणारं रूप बदलायला परवानगी लागते, आतलं स्वयंपाकघर मालकाच्या मर्जीचं. त्यामुळे जुन्या घरात राहून धंदा करता येतो.

दारावर सुगी झाडाच्या डहाळ्यांचा गोल टांगलेला दिसला, की ते साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं दुकान. गोल हिरवागार असेल तर साके नवी. जेवायला होबा मिसो घ्या: वाळक्या रुंद पानावर आंबवलेल्या सोयाबीनचा खारट मिसो, त्यात कांद्याची पात, मशरूम, खाली निखारे. ठेच्यासारखा भाताबरोबर थोडा थोडा खायचा. शाकाहारी असाल तर आधी विचारा. माशाचा अर्क बरेचदा असतो. आणि काडीला टोचलेले दांगो गुलाबजाम समजू नका. तांदळाच्या पिठाचे ते गोळे इथे सोया सॉस लावून भाजतात, चवीला खारे. गोडासाठी परत कमानियालाच यावं लागेल.